टायरला फासताय ते नक्की आहे तरी काय?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यायची यावर लेख आला होता. कूलंट, बॅटरी, एसी वगैरे भाग चांगला होता, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण शेवटी रबराबद्दल जो परिच्छेद होता, की दाराच्या बीडिंगला, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीला, व्हॅसलीन नाहीतर खोबरेल चोळा आणि गाडी धुतली की दर वेळी टायरला पॉलिश मारा म्हणजे चिरा पडत नाहीत, तो वाचून राहवेना म्हणून लिहितोय. माझी सगळी नोकरी भोसरी एमआयडीसीत रबर मोल्डिंगमधे गेली, गाड्यांचे ग्रोमेट, डस्ट बूट, होज, बीडिंग असलाच माल, त्यामुळे रबर कशानं फुगतं आणि कशानं तडकतं हे रोज हाताखालून गेलंय. पत्र लांबणार आहे, तुम्हाला हवं तिथे कापा, फक्त ब्रेकबद्दल जे लिहिलंय ते कापू नका.

पहिलं म्हणजे गाडीत "रबर" असं एक काही नसतंच. दाराचं आणि डिकीचं बीडिंग, रेडिएटरचे होज हे आजकाल बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात. ऊन, पाऊस, हवेतला ओझोन यांना हे रबर दाद देत नाही, पण पेट्रोलियमचं तेल लागलं की फुगतं. इंजिनाचे ऑइल सील नायट्राइल नावाच्या दुसऱ्या कृत्रिम रबराचे, त्याचं बरोब्बर उलटं, तेलात वर्षानुवर्षं सुखात राहील पण उघड्यावर उन्हात टाकलं की तडकेल. इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश यात नैसर्गिक रबर जास्त, कारण हादरे सोसायला त्याच्यासारखं दुसरं नाही, आणि त्याला ओझोनही चालत नाही आणि तेलही चालत नाही. टायरमधे नैसर्गिक आणि एसबीआरसारखी कृत्रिम रबरं एकत्र, वर काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, ती उन्हातले अतिनील किरण अडवते म्हणून तर टायर काळा. आता या सगळ्यांना मिळून "रबराला हे लावा" असं सांगणं म्हणजे घरातल्या सगळ्यांना एकाच मापाची चप्पल आणण्यासारखं झालं.

आमच्या लॅबमधे तेलाची टेस्ट असायची. रबराचा तुकडा मोजून, वजन करून ठरलेल्या तेलात ७० तास गरम ठेवायचा, काढायचा, पुसायचा, परत वजन. नायट्राइलचा तुकडा जेमतेम बदललेला असायचा आणि ईपीडीएमचा तुकडा फुगून एवढा लिबलिबीत व्हायचा की नखानं तुटेल. व्हॅसलीन म्हणजे पेट्रोलियम जेली, त्याच खानदानातलं. हॉस्पिटलमधल्या कोणालाही विचारा, लॅटेक्सच्या हातमोज्यांबरोबर पेट्रोलियम जेली वापरू नका असं का सांगतात. बीडिंगला एकदा बोट फिरवलं म्हणून लगेच काही होणार नाही हेही खरं, पण लोक एकदा लावून थांबत नाहीत ना, मऊ झालं म्हणजे "जीव आला" असं वाटतं आणि परत लावतात, तो मऊपणा म्हणजे रबर तेल पिऊन फुगतंय, मग दार लावताना बीडिंग खोबणीतून बाहेर येतं, काचेला धरून बसतं, आणि पावसाळ्यात पाणी आत. खोबरेलानं एवढं होत नाही पण ते खवट होतं, धूळ धरतं आणि इंजिनच्या बाजूला लावलं तर उंदरांना आमंत्रण. उंदरांनी वायरी खाल्ल्याच्या कहाण्या तुमच्याच पेपरात दर पावसाळ्यात येतात.

आता रबर मरतं कशानं. तीन मुख्य शत्रू, उष्णता, ओझोन आणि तेल. उष्णतेचा ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की रबर म्हातारं होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे अकोल्यात, चंद्रपुरात डांबरावर दिवसभर उभी असलेली गाडी आणि महाबळेश्वरातली गाडी यांची रबरं सारखी टिकणार नाहीत, कितीही पॉलिश मारा. ओझोनचं लोकांना माहीत नसतं. वर आकाशात तो चांगला, खाली रस्त्यावर नाही, गाड्यांचा धूर आणि ऊन मिळून तो तयार होतो, मोटरच्या आणि वेल्डिंगच्या ठिणगीतूनही होतो. टेस्टला आम्ही रबराची पट्टी २० टक्के ताणून ४० अंशांवर ओझोनच्या पेटीत ठेवायचो, ओझोन किती तर हवेच्या दहा कोटी भागांत ५० भाग, म्हणजे आकड्यात बघितलं तर नगण्य, आणि रबराचं कंपाउंड, म्हणजे मिश्रण, खराब असलं की पट्टीवर आडव्या चिरा. ताण ज्या दिशेला असेल त्याला काटकोनात चिरा पडतात, टायरच्या बगलेत, म्हणजे बाजूच्या उभ्या भागावर, बघा, अगदी तशाच दिसतील. म्हणूनच स्पेअर टायर किंवा काढून ठेवलेले टायर पंपाच्या मोटरजवळ, इन्व्हर्टरजवळ ठेवू नयेत.

टायर कंपनी याच्यावर इलाज आधीच करून देते. कंपाउंडमधे मेण घातलेलं असतं आणि ६पीपीडी नावाचं अँटिओझोनंट, म्हणजे ओझोनपासून वाचवणारं रसायन, असतं. टायर पळतो, वाकतो, गरम होतो तसं हे दोन्ही हळूहळू आतून वर येतं आणि पृष्ठभागावर पातळ थर धरतं. टायर तपकिरी पडतो तो यामुळेच, आणि लोकांना वाटतं मळला, मग कडक डीग्रीझर घालून तारेच्या ब्रशनं घासून काढतात, म्हणजे कंपनीनं दिलेलं संरक्षण धुऊन टाकायचं आणि दुकानातून आणलेलं वरून फासायचं. (हे ६पीपीडी काही देवमाणूस नाही. अमेरिकेत सिएटलच्या बाजूला पावसाचं पाणी ओढ्यात गेलं की कोहो सामन मासे का मरतात याचा शोध घेताना २०२० मधे हेच सापडलं, ६पीपीडी आणि ओझोन मिळून जे रसायन बनतं ते माशांना मारतं. आता पर्याय शोधणं चालू आहे. पण तो वेगळा विषय.)

उभ्या गाडीचे टायर जास्त तडकतात त्याचंही कारण हेच, टायर वाकतच नाही तर मेण वर येणार कसं. २०२० च्या लॉकडाउननंतर कितीतरी लोक म्हणत होते की गाडी चालवली नाही तरी टायरला चिरा कशा. आमच्या सोसायटीतही मुलं परदेशात आणि गाडी पार्किंगमधे अशी अवस्था बऱ्याच घरांत आहे, ड्रायव्हर महिन्यातून एकदा येऊन गाडी पुसतो, टायर काळेभोर करतो आणि जातो. त्यापेक्षा त्यानं गाडी सिंहगड रोडला एक चक्कर मारून आणली आणि हवा बरोबर ठेवली तर टायरचं जास्त भलं होईल.

मग काही लावायचंच नाही का? लावा, पण काय लावताय ते बघून. बाजारात टायर आणि रबर चमकवायची जी बाटली मिळते त्यात ढोबळ दोन जाती. एक पाण्यातली, दुधासारखी पांढरी, यात सिलिकॉन तेलाचे बारीक थेंब पाण्यात मिसळलेले असतात, लावल्यावर पाणी उडून जातं आणि पातळ थर राहतो, चमक मध्यम. दुसरी सॉल्व्हंटमधली, पारदर्शक किंवा तेलकट, रॉकेलसारखा वास, चमक अशी की तोंड दिसेल. दुसरीत ते सिलिकॉन पातळ करायला नॅफ्था, मिनरल स्पिरिट असलं पेट्रोलियमचं काहीतरी वापरलेलं असतं आणि वाईट तेच आहे. सिलिकॉन हे रबराला खातं असं गॅरेजमधे सर्रास ऐकायला मिळतं, ते खरं नाही, सिलिकॉन तेल टायरच्या किंवा बीडिंगच्या रबराला काही करत नाही. रबराला मऊ करून आतलं मेण आणि अँटिओझोनंट ओढून बाहेर काढायचं काम सॉल्व्हंट करतं. एकदा मारलं म्हणून टायर फुटत नाही, घाबरवायचं नाहीये मला कोणाला, पण दर आठवड्याला वर्षभर मारत राहिलात तर बगल कोरडी पडते आणि मग ती कोरडी दिसते म्हणून आणखी मारता.

ओळखायचं कसं, तर बाटलीची मागची बाजू वाचा. पेट्रोलियम डिस्टिलेट, नॅफ्था, हायड्रोकार्बन असे शब्द असले, किंवा ज्वलनशील म्हणून आगीचं चित्र असलं की समजा सॉल्व्हंट. काहीच लिहिलेलं नसेल (बहुतेक वेळा नसतंच) तर काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि चमचाभर टाका. पाण्यात मिसळून दूध झालं तर पाण्यातलं, वर तवंग आला तर ठेवा बाजूला. आणखी खात्री हवी तर जुन्या बीडिंगचे दोन सारखे तुकडे कापा, एक त्या औषधात बुडवून झाकण लावून आठवडाभर ठेवा, एक तसाच ठेवा, मग शेजारी शेजारी ठेवून बघा. लांबी वाढली असेल, हाताला चिकट किंवा मऊ लागत असेल तर ते गाडीच्या जवळ आणू नका. याला लॅब लागत नाही, फूटपट्टी पुरते. प्रयोग गॅसच्या शेगडीजवळ करू नका एवढंच.

स्प्रेच्या डब्यातल्या सिलिकॉनबद्दल एक. त्यातसुद्धा फवारा उडवायला सॉल्व्हंट आणि गॅस असतो पण तो पटकन उडून जातो, म्हणून आधी कपड्यावर मारायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि मग तो कपडा बीडिंगवर फिरवायचा. थेट दारावर मारला तर काचेवर, सीटवर, रंगावर उडतो, काचेवरचा सिलिकॉनचा थर पावसात वायपर फिरला की असा पसरतो की समोरून लाइट आला की काही दिसत नाही. आणि गाडी डेंटिंग-पेंटिंगला द्यायची असेल तर पेंटरला आधी सांगा सिलिकॉन वापरलंय म्हणून, नाहीतर रंगात फिश आय, म्हणजे बारीक गोल खड्डे, पडतात आणि तो तुमच्या नावानं शिव्या घालतो, बरोबरच आहे त्याचं.

दाराच्या बीडिंगला माझ्या मते एवढंच पुरे, गाडीच्या शाम्पूच्या पाण्यानं कापड ओलं करून खोबणीतली माती काढायची, पूर्ण कोरडं करायचं, मग कपड्यावरून सिलिकॉन किंवा पाण्यातलं रबर प्रोटेक्टंट, तेही दोन-तीन महिन्यातून एकदा. बीडिंग करकर वाजत असेल तर पंक्चरवाल्याकडे मिळते ती शंखजिऱ्याची पावडर बोटानं लावा, जुन्या काळी ट्यूब आणि टायरमधे तीच असायची. ग्लिसरीनही चालतं, रबराला त्रास देत नाही, फक्त चिकट राहतं आणि आपल्याकडच्या धुळीत त्याचा चिखल होतो. झाडाचा डिंक, स्टिकरचा गोंद निघत नाही म्हणून लोक थिनर लावतात, ते मात्र अजिबात नको, थिनर बीडिंगचं वाटोळं करेल ते करेल, रंगही उतरवेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, केमिस्टकडे मिळतं.

आता वॉशिंग सेंटर. खरं दुखणं तिथे आहे कारण घरी कोण लावतंय, बरेच लोक गाडी धुवायला देतात आणि तिथला पोरगा न विचारता सगळं करतो. पाच लिटरचा कॅन, त्यावर कसलंच लेबल नाही, आतलं औषध स्वस्त पडावं म्हणून त्यात डिझेल मिसळलेलं, ब्रशनं चारी टायर, बंपर, बीडिंग, मडफ्लॅप, आणि उरलं तर डॅशबोर्डसुद्धा. काही ठिकाणी अजूनही गाडी लिफ्टवर घेऊन खालून जळकं ऑइल आणि डिझेल फवारतात, गंज लागत नाही म्हणून. पत्र्याला लागत नसेल गंज, पण त्याच फवाऱ्यात सस्पेन्शनचे बुश, स्टॅबिलायझर लिंकचे रबर, स्टीअरिंग रॅकचा बूट, एक्सल बूट, इंजिन माउंटिंग सगळं भिजतं, आणि सहा महिन्यांनी खड्ड्यातून जाताना खडखड आवाज यायला लागला की तोच गॅरेजवाला सांगतो साहेब बुश गेले, आपले रस्ते खराब आहेत. रस्ते खराब आहेतच. पण फुगलेला बुश त्या रस्त्यावर आणखी लवकर जातो. मी स्वतः गाडी देताना सांगतो की टायरला काही लावायचं नाही, खालून फवारायचं नाही, फक्त पाण्यानं धू, तर तो मुलगा चेहरा पाडतो, त्याला वाटतं मी पैसे वाचवतोय. त्या मुलांचंही बघा, दिवसभर उघड्या हातानं ते सॉल्व्हंट चोळतात, बंद शेडमधे वास घेतात, बाजूला वेल्डिंग चालू असतं, आणि सगळं पाणी नाल्यात, तिथून पवना नदीत.

दुचाकीवाल्यांनी तर याबाबतीत जास्तच सावध राहायला पाहिजे. कारच्या टायरच्या बगलेला पॉलिश लागलं तर निदान गाडी पडत नाही. बाइक, स्कूटर वळणावर तिरकी होते, टायरचा कडेचा भाग रस्त्याला लागतो, आणि तिथे सिलिकॉन किंवा तेल असेल तर पहिल्याच वळणाला घसरण. पोरं हौसेनं पूर्ण टायर काळा करून घेतात, ट्रेडसकट, म्हणजे रस्त्याला लागणाऱ्या नक्षीच्या भागासकट. त्यावर हँडल ग्रिप, ब्रेक पेडलचं रबर, फूटरेस्ट, स्कूटरचं पायाखालचं मॅट, सीट, सगळं चकचकीत. ग्रिपवर हात घसरतो, पेडलवरून पाय घसरतो, आणि साडी नेसून मागे एका बाजूला बसलेली बाई चकचकीत सीटवरून ब्रेक मारल्यावर सरकते. आणि फवाऱ्यानं मारताना डिस्कवर गेलं तर ब्रेक लागणारच नाही, पॅड ते तेल पितात आणि मग ते टाकूनच द्यावे लागतात. दुचाकीच्या टायरला साबणाचं पाणी आणि बरोबर हवा, बस, याहून जास्त काही करायची गरज नाही. टायर कंपन्यांच्या सूचनांतही बहुतेक ठिकाणी सौम्य साबण आणि पाणी एवढंच असतं.

ब्रेकचं आता, जे कापू नका म्हणालो ते. हायड्रॉलिक ब्रेकच्या मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरमधले वॉशर, कप, सील हे सहसा ईपीडीएमचे असतात, कारण डॉट ३, डॉट ४ ब्रेक ऑइल हे नावाला ऑइल, आतून ते ग्लायकॉलच्या जातीचं असतं आणि ईपीडीएमला ते चालतं. पेट्रोलियमचं तेल मात्र त्याला अजिबात चालत नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकून थोडं इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं तेल पडलं तरी कप फुगतात, पिस्टन अडकतो, ब्रेक जाम होतो किंवा लागतच नाही, आणि मग सगळी किट बदलून पाइप धुऊन काढण्याशिवाय गत्यंतर नसतं. आता रस्त्याकडेच्या गॅरेजमधे काय करतात, किट बदलताना सिलिंडर पेट्रोलनं नाहीतर रॉकेलनं धुतात, तसाच ओलसर बसवतात, वरून नवीन कपला साधं पिवळं ग्रीस चोळतात, सरकावं म्हणून. नवीन किट दोन महिन्यात गळायला लागते आणि दोष किटला. ते भाग ताज्या ब्रेक ऑइलनं किंवा स्पिरिटनं (अल्कोहोलचं, मिनरल स्पिरिट नव्हे) धुवायचे आणि ब्रेक ऑइल लावूनच बसवायचे. कॅलिपरच्या (डिस्क ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिनांना, डस्ट बूटला सिलिकॉन ग्रीस लागतं, साधं ग्रीस लावलं की बूट फुगून निघून येतो आणि पिन मातीनं अडकते. लाल रंगाचं रबर ग्रीस म्हणून एक येतं, जुन्या मेकॅनिक लोकांना माहीत असेल, ते एरंडेलापासून केलेलं, नैसर्गिक रबराला चालणारं. पूर्वीच्या ब्रेक ऑइलमधेसुद्धा एरंडेल असायचं, तेव्हाचे कप नैसर्गिक रबराचे होते ना. म्हणजे मागच्या पिढीला कोणत्या रबराला काय चालतं हे कळत होतं, आता सगळ्यालाच एक स्प्रे.

वायपरला काही लावू नका, ओल्या कपड्यानं धार पुसा, झालं. फॅन बेल्ट ओरडतो म्हणून त्यावर तेल, साबण, स्प्रे मारू नका, आवाज दोन दिवस बंद होतो आणि बेल्ट घसरायला लागतो, टेन्शन नाहीतर पुली बघा. टायर चढवताना टायरवाला कडेला ग्रीस लावत असेल तर थांबवा, साबणाचं पाणी लावायला सांगा. आणि पेट्रोलमधे आता २० टक्के इथेनॉल असतं, जुन्या गाड्यांच्या पेट्रोल पाइपला, कार्बोरेटरच्या वॉशरला ते झेपेल का ही काळजी रास्त आहे, एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत तसं मटेरियल घातलंय, पण जुन्या गाडीच्या पाइपला बाहेरून काहीही चोळून उपयोग नाही, आतून जे लागतंय त्याला बाहेरचं औषध कसं पोचणार. पाइप कडक झाला, भेगा दिसल्या, पेट्रोलचा वास आला की बदला.

चमकीचा आणखी एक धंदा म्हणजे जुन्या गाड्यांचा बाजार. तिथे टायर कधी तपकिरी बघितलेत का? सगळे काळे कुळकुळीत. पॉलिश चिरांमधे भरतं, चिरा दिसेनाशा होतात, आणि लोक ट्रेड बघून म्हणतात टायर तर नवीनच आहेत. बगलेवर डॉटच्या अक्षरांपुढे चार आकडे असतात ते बघा, २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांपुढे, ट्रेड कितीही असला तरी, वापरू नका. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात व्हायला लागले तेव्हा आरटीओवाले टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवत होते, चांगलंच केलं, पण ट्रेडची खोली मोजता येते, पॉलिशखालची चीर दिसत नाही. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, सरळ काँक्रीटचा रस्ता, मे महिन्यातली दुपार, त्यात हवा कमी असली तर टायर आणखी वाकतो आणि आणखी तापतो. जुनी गाडी बघायला जाताना ओला फडका आणि शाम्पू बरोबर न्या, बगलेचा एक हात लांबीचा भाग पुसा आणि अंगठ्यानं दाबून रबर थोडं वाकवून बघा. मालकाला राग आला तर येऊ दे.

आता हे पत्र लिहायचं खरं कारण. वस्तूंच्या पाकिटावर काय छापायचं यासाठी आपल्याकडे २०११ चे नियम आहेत, त्यात उत्पादकाचं नाव-पत्ता, वजन-माप, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं बंधनकारक आहे. आत कोणती रसायनं आहेत ते नाही. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती ते कळतं, पण ज्या औषधानं ब्रेकचं रबर फुगू शकतं त्याच्यावर "प्रीमियम शाइन" आणि एका चकचकीत गाडीचा फोटो. माझी मागणी मोठी नाही. पाण्यातलं की पेट्रोलियम सॉल्व्हंटमधलं हे पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात, मराठीत. कोणत्या रबराला चालत नाही ते मागे. ट्रेडवर, पेडलवर, ब्रेकवर लावू नका ही सूचना चित्रासकट, म्हणजे वॉशिंग सेंटरच्या पोरालाही कळेल. आणि सुट्या कॅनमधली बिनलेबलची विक्री बंद. लेबलचं बघायला राज्यात वैध मापन शास्त्र विभाग आहे, त्यांनी पेट्रोल पंप आणि किराणा दुकानांबरोबर ऑटो अ‍ॅक्सेसरीजच्या गल्ल्यांमधेही फिरावं. नाव-पत्ता, एमआरपी नसलेली बाटली कोणाला विकली गेली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सांगता येतं, हे किती जणांना माहीत आहे? तुम्ही छापलंत तर कळेल.

कंपन्यांनाही एक विचारायचंय. गाडीबरोबर दोन-चारशे पानांचं पुस्तक देता, त्यात ब्लूटूथ कसं जोडायचं याला पानंच्या पानं, आणि बीडिंग कशानं पुसायचं याला एक ओळ, ती पण बहुतेक इंग्रजीत. तुमच्या ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरमधे बिलात टायर ड्रेसिंग म्हणून पैसे लावतात ते ड्रेसिंग कोणतं, त्याची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे आत कोणती रसायनं आणि काय धोका हे सांगणारा कागद, मागितली तर काउंटरवरच्या मुलीला ते काय असतं हेच माहीत नसतं. माझ्या ओळखीतल्या एकानं मागितली होती, त्याला कूपन दिलं पुढच्या वॉशिंगवर सूट म्हणून.

तुमच्या लेखकाला माझा काही राग नाही, व्हॅसलीनचा सल्ला पिढ्यान् पिढ्या चालत आलाय आणि त्यांनी तो चांगल्या हेतूनंच लिहिला असणार. पण पुढच्या पुरवणीत चौकट टाकून दुरुस्ती छापा, कारण लोक पुरवणी कापून गाडीच्या ग्लव्ह बॉक्समधे ठेवतात, मी बघितलंय.

आपला,
रबराच्या धंद्यातला एक जुना माणूस, भोसरी, पुणे

ता. क. बाइकच्या चेनचं राहिलंच. ओ-रिंग (कड्यांमधल्या रबराच्या बारीक रिंगा) असलेली चेन पेट्रोलनं धुवू नका, त्या बारीक रिंगा कडक होऊन तुटतात, आतलं ग्रीस निघून जातं आणि चेन कामातून जाते. चेन क्लीनर किंवा थोडं रॉकेल मऊ ब्रशनं, लगेच पुसून कोरडी करायची आणि ओ-रिंगला चालणारं ल्युब, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. तारेचा ब्रश नको. आणि ल्युब मारताना मागच्या टायरला पुठ्ठा लावा.